तापलेलं काळं रान आणि एक साधी साखर

संशयी : तुमचं म्हणणं आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे पुढे घोळ व्हायला नको. पांढुर्णा-सौसर भागात मे महिन्यात हवेचा पारा ४५ अंशांवर जातो आणि उघड्या काळ्या जमिनीचा वरचा थर हवेपेक्षाही बराच जास्त तापतो. पऱ्हाटी उपटून नांगरलेलं रान कास्तकार मुद्दाम उन्हात टाकून ठेवतो. किडींचे कोष, हराळीच्या काशा, मर रोगाची बुरशी उन्हानं मरावी, हा त्यामागचा हेतू. ज्या उन्हावर एवढ्यांना मारण्याचं काम सोपवलेलं असतं, त्याच उन्हातून तुरीच्या मुळांवर गाठी करणारे जिवाणू जगून निघतात आणि पाऊस पडला की कामाला लागतात. यातल्या बहुतेकांना २८ ते ३० अंशांची ऊब मानवते. मग ते जगले कसे? तुम्ही सांगता, पेशीतल्या काही छोट्या रेणूंमुळे, त्यातही ट्रेहॅलोज नावाच्या एका साध्या साखरेमुळे. मला हे उत्तर फार सोयीचं वाटतं. उष्णतेला तोंड देणारी यंत्रणा विज्ञानाला ठाऊक आहे. १९६२ मध्ये रितोस्सा यांना फळमाशीच्या गुणसूत्रांवर उष्णतेनं आलेले फुगवटे दिसले, तेव्हापासून तिचा माग काढला गेलाय. ई. कोलाय हा जिवाणू ३० अंशांवरून ४२ अंशांवर नेला, तर काही मिनिटांतच तो विशिष्ट प्रथिनांचा साठा वाढवतो. उलगडलेली प्रथिनं पुन्हा घडी घालून द्यायची आणि न सुधारणारी मोडीत काढायची, ही कामं ती प्रथिनं करतात. एवढी जय्यत व्यवस्था असताना साखरेच्या कणाला मोठेपण कशासाठी द्यायचं?

आग्रही : कारण त्या व्यवस्थेला ऊर्जा लागते, आणि मे महिन्यातल्या मातीत तीच नसते. तुम्ही ज्या घडी घालणाऱ्या प्रथिनांबद्दल बोलताय, त्यांतलं सगळ्यात अभ्यासलेलं म्हणजे ग्रोईएल. त्याच्या एका कड्याच्या एका फेरीला एटीपीचे, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचे, सात रेणू खर्ची पडतात. प्रयोगशाळेत पेशीभोवती ग्लुकोज असतं, हवा खेळती असते, म्हणून ४२ अंशांवरही हा खर्च परवडतो. रानात तसं नसतं. वाळलेल्या ढेकळातल्या पेशीला पाणी नाही, म्हणून अन्न विरघळून तिच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून एटीपी होत नाही. तिथे हवा असतो तो बिनखर्चाचा बचाव. छोटा रेणू तो देतो. एकदा पेशीत साठला, की नुसत्या असण्यानं तो काम करतो. तेही कसं, ते नीट समजून घ्यायला हवं. उष्णतेनं प्रथिनाची घडी उलगडते, आतले पाण्याला टाळणारे भाग बाहेर येतात, आणि अशी दोन-चार प्रथिनं एकमेकांना चिकटली की त्यांचा निरुपयोगी गोळा होतो. टिमाशेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकापासून मोजमापं करून दाखवलं, की ट्रेहॅलोज, सुक्रोज, बीटेन असे रेणू प्रथिनाला चिकटत नाहीत, उलट त्याच्या पृष्ठभागापासून फटकून राहतात. प्रथिन उलगडलं तर त्याचा पृष्ठभाग वाढतो, म्हणजे ही फारकत आणखी वाढवावी लागते, आणि ते ऊर्जेच्या हिशेबात महाग पडतं. कडाक्याच्या थंडीत माणूस गुडघे पोटाशी घेऊन अंगाची जुडी करतो, हवेला उघडं अंग कमीत कमी मिळावं म्हणून. प्रथिनही तसंच आवळून बसतं. त्याला कुणी धरून ठेवलेलं नसतं. भोवतालच असा होतो की उलगडणं अवघड जावं.

संशयी : तत्त्व म्हणून हे मला पटतं. प्रमाण म्हणून पटत नाही. टिमाशेफ यांच्या पद्धतीचा परिणाम परीक्षानळीत ठळक दिसायला बहुतेक वेळा अर्धा ते एक मोलर द्रावण लागतं. ट्रेहॅलोजच्या बाबतीत याचा अर्थ लिटरला १७० ते ३४० ग्रॅम साखर, म्हणजे जवळजवळ पाक. नुसत्या उष्णतेच्या धक्क्यानं कुठलाही साधा मातीतला जिवाणू आपल्या पोटात पाक भरून घेत नाही. एवढा साठा दिसतो तो खाऱ्या पाण्यातल्या जिवाणूंत. एक्टोइन हा रेणू १९८५ मध्ये गालिन्स्की आणि सहकाऱ्यांनी ओळखला, तो इजिप्तमधल्या वादी नत्रुनच्या खाऱ्या सोडा-तळ्यातल्या जिवाणूत. आपल्याकडे तसं पाणी लोणारच्या सरोवरात आहे, सौसरच्या शेतात नाही. हे रेणू मुळात मिठाशी झगडण्यासाठी जमवलेले आहेत, उष्णतेचं श्रेय त्यांना ओघात मिळालं. आणखी एक. २०१५ मध्ये यीस्टवर एक काम प्रसिद्ध झालं. तोवर सगळे गृहीत धरत होते, की ट्रेहॅलोज बनवणारं जनुक काढलं की यीस्ट ताणाला बळी पडतं, म्हणजे ट्रेहॅलोज हाच रक्षक. या कामात साखर आणि ती बनवणारं प्रथिन यांना वेगळं करून पाहिलं, आणि निष्कर्ष निघाला की बचाव करतं ते टीपीएस-१ हे प्रथिन, साखर नव्हे. वर्षानुवर्षांचे पुरावे एका फटक्यात दुहेरी अर्थाचे झाले. तुमच्या जिवाणूंच्या पुराव्यांनाही हाच आक्षेप लागू पडतो. जनुक काढलं, जिवाणू मेला. मान्य. पण जनुकाबरोबर काय काय गेलं?

आग्रही : हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचं उत्तर त्याच्याच मापानं द्यायला हवं. जनुक काढण्याचे प्रयोग माझ्याकडे आहेत. १९९१ मध्ये ई. कोलायमध्ये दिसलं, की ट्रेहॅलोज बनवणारी जनुकं गेली की उपाशी, वाढ थांबलेल्या पेशींची उष्णता सोसण्याची ताकद घटते. वाढ थांबलेल्या पेशी, हे लक्षात ठेवा, कारण मातीतला जिवाणू वर्षातला बराच काळ त्याच अवस्थेत काढतो. २०१२ मध्ये घेवड्याच्या गाठी करणाऱ्या ऱ्हायझोबियम एट्लीतही तसंच दिसलं. ट्रेहॅलोजचं मुख्य जनुक बिघडवलेला वाण वाढत्या तापमानात मागे पडला आणि वाळवल्यावर कमी जगला. पण तुमचा आक्षेप इथेही लागू पडतो, म्हणून हे पुरावे मी बाजूला ठेवतो आणि दुसऱ्या जातीचा पुरावा घेतो. त्यात जनुकाला हातच लावलेला नाही. २००४ मध्ये होल्टमान आणि ब्रेमर यांनी बॅसिलस सबटिलिस हा मातीतलाच जिवाणू घेतला. ५० अंशांच्या पुढे, जिथे त्याची वाढ खुंटते, तिथे त्याला बाहेरून तयार ग्लायसीन बीटेन दिलं, आणि तो वाढला. इथे रेणू बनवणाऱ्या प्रथिनाला श्रेय देता येत नाही, कारण रेणू बनवावाच लागला नाही, नुसता आत घ्यावा लागला. दुसरा पुरावा १९८७चा, मॅकब्राइड आणि एन्साइन यांचा. स्ट्रेप्टोमायसेस ग्रिसियसच्या बीजाणूंत ट्रेहॅलोजचं प्रमाण कमी-जास्त करून त्यांनी पाहिलं. ज्यात साखर जास्त, ते उष्णता आणि वाळणं जास्त सोसतात. पहिल्या पावसानंतर काळ्या रानातून जो मातीचा वास उठतो, तो मुख्यतः याच कुळातल्या जिवाणूंनी बनवलेल्या जिओस्मिनचा. म्हणजे जे उन्हाळा काढून आलेत, त्यांचीच वर्दी आपल्या नाकाला लागते.

आता मिठाचा मुद्दा. बीटेन फक्त खाऱ्या पाण्यात मिळतं असं नाही. कपाशी ग्लायसीन बीटेन आपल्या पानांत साठवते, हे वनस्पतिशास्त्रात पक्कं ठाऊक आहे. संत्र्याच्या कुळात प्रोलीन बीटेन इतकं असतं, की माणसानं संत्रं-मोसंबी खाल्लंय का हे पाहायला त्याच्या लघवीत हाच रेणू शोधतात. पांढुर्णा-सौसरची ओळख ज्या दोन पिकांवर आहे, ती दोन्ही या जातीचे रेणू बनवणारी आहेत. त्यांचा पालापाचोळा वर्षानुवर्षं याच मातीत मिसळतोय. मातीतल्या जिवाणूला तयार रक्षक मिळण्याची वाट इथे निदान उघडी तरी आहे.

संशयी : वाट उघडी असणं आणि त्या वाटेनं कुणी येणं यात फार अंतर आहे. बीटेनमध्ये नायट्रोजन आहे. मातीतल्या भुकेल्या जिवाणूंना ते खायला आवडतं, आणि पाला कुजायला लागला की सुटलेलं बीटेन मेपर्यंत शिल्लक राहील, असं मानायला मला आधार दिसत नाही. पण मी त्यावर अडून बसत नाही, कारण माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. तुम्ही सगळी उत्तरं पेशीच्या आत शोधताय. बाहेर पाहा. ऑस्ट्रेलियात केविन मार्शल यांनी १९६४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. तिथल्या वाळूमिश्रित जमिनीत कोरड्या उन्हाळ्यात क्लोव्हरच्या गाठींचे जिवाणू मरत होते. त्यांनी त्या मातीत वेगवेगळी चिकणमाती मिसळून ती तापवली. माँटमोरिलोनाइट मिसळली तर जिवाणू वाचले, केओलिनाइट मिसळली तर त्यांना तसा आधार मिळाला नाही. आता आपली काळी माती कशाची आहे? बेसाल्टच्या खडकापासून झालेली, माँटमोरिलोनाइटच्या गटातल्या खनिजांनी भरलेली. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते, ते याच खनिजांमुळे. म्हणजे सौसरच्या रानातला जिवाणू अशा मातीत राहतो, जी मार्शल यांनी वाचवणारी म्हणून दाखवली. तिथे साखरेचं नाव काढायची गरजच काय? आणि ऊन वरच्या थरात जेवढं असतं तेवढं खाली नसतं. वीतभर खाली दिवसाचा चढउतार बराच मंदावतो. बहुसंख्य जिवाणू तळाला सुखरूप राहतात आणि पावसानंतर मुळांबरोबर पसरतात. सगळं स्पष्टीकरण भूगोलाचं आहे, रसायनाचं थोडंच.

आग्रही : मार्शल यांचा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो, म्हणून तो अर्धाच सांगू नये. त्यात आणखी एक गोष्ट दिसली होती. सगळे जिवाणू सारखे मेले नाहीत. झपाट्यानं वाढणाऱ्या क्लोव्हरच्या जिवाणूंपेक्षा सावकाश वाढणारे, म्हणजे ल्युपिन आणि सोयाबीनवाले, जास्त टिकले. माती तीच, ऊन तेच, आणि फरक पडला. तो फरक मातीचा असूच शकत नाही. मातीनं आधार दिला हे मान्य. पण कशाला आधार दिला? माझा अंदाज सांगतो. चिकणमाती पाणी एकदम सोडत नाही, तिच्यातलं वाळणं सावकाश होतं. सावकाश वाळणाऱ्या पेशीला तयारीला वेळ मिळतो, आणि तयारी म्हणजे याच रेणूंचा साठा. उन्हाचंही तसंच आहे. प्रयोगशाळेत ३० वरून ४२ वर पेशीला मिनिटांत नेतात. रानात पहाटेपासून दुपारी दोनपर्यंत पारा तासातासानं चढतो, आणि हे दररोज होतं. आधी सौम्य उष्णता सोसलेली पेशी नंतर तीव्र उष्णता जास्त सोसते, हे तर तुमच्याच यंत्रणेच्या अभ्यासातलं जुनं निरीक्षण आहे. प्रमाणाच्या आक्षेपाचं उत्तरही इथेच आहे. वाळणाऱ्या पेशीतून पाणी जातं, साखर जात नाही. साठा तेवढाच राहिला तरी उरलेल्या पाण्यात त्याची दाटी आपोआप वाढत जाते. तुम्ही म्हणाल तो पाक पेशीला बनवावा लागत नाही, ऊन तो आटवून देतं.

संशयी : मग तुम्ही उष्णतेचा विषय सोडून वाळण्याच्या विषयावर आलात. माझी तक्रार पहिल्यापासून हीच आहे. या रेणूंचं नाव उष्णतेशी जोडलं जातं आणि पुरावा मात्र मिठाचा किंवा कोरडेपणाचा निघतो. बॅसिलसच्या बीजाणूचं उदाहरण घ्या. १८७६ मध्ये फर्डिनांड कोन यांनी पाहिलं, की उकळलेल्या गवताच्या काढ्यातही ते जगतात. पुढे कळलं, की त्यांच्या कोरड्या वजनाचा सुमारे दहावा हिस्सा डायपिकोलिनिक आम्ल असतं, कॅल्शियमशी जोडलेलं. छोटा रेणूच, तुमच्या बाजूचाच पुरावा. पण त्याचं एक मोठं काम म्हणजे बीजाणूच्या गाभ्यातलं पाणी हटवून त्याची जागा घेणं. पुन्हा कोरडेपणाच. खरी उष्णता, ओली, सतत, बारमाही, पाहायची असेल तर छिंदवाडा जिल्ह्यातल्या अनहोनीच्या गरम कुंडांकडे जा. २०२३ मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा होईपर्यंत तो आपलाच जिल्हा होता. भोपाळच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी त्या कुंडांतल्या सूक्ष्मजीवांचा डीएनए वाचून २०१७ मध्ये निष्कर्ष मांडले. तिथलं पाणी ४३.५ ते ५५ अंशांच्या दरम्यान असतं आणि वाळण्याचा प्रश्नच नाही. अशा पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या जिवाणूंनी काय बदललं? प्रथिनांची बांधणीच घट्ट केली, पटलातली स्निग्ध द्रव्यं बदलली. थर्मस थर्मोफिलससारख्या उष्णप्रेमी जिवाणूत मॅनोसिलग्लिसरेट नावाचा तुमच्या जातीचा रेणू सापडतो खरा, पण तोही वाढतो तो मीठ वाढलं की. उष्णतेला कायमचं उत्तर द्यायची वेळ आली, तेव्हा निसर्गानं साखरेवर भिस्त ठेवलेली नाही.

आग्रही : कायमचं उत्तर. हाच शब्द मला हवा होता. अनहोनीतल्या जिवाणूला उष्णता घर म्हणून मिळाली आहे, सौसरच्या जिवाणूला पाहुणी म्हणून. ज्याला वर्षातले दोन-अडीच महिनेच धग सोसायची आणि उरलेला काळ थंड, ओल्या मातीत मुळांशी काम करायचं, त्यानं प्रथिनं घट्ट बांधली तर ऑगस्टमध्ये ती आखडलेली, मंद चालतील. त्याला परत फिरता येईल असं उत्तर लागतं. साखर साठवावी, गरज संपली की खाऊन टाकावी. तुमच्या दोन्ही उदाहरणांनी हा भेदच पक्का केला. आणि उष्णता की कोरडेपणा, हा वाद प्रयोगशाळेत सोयीचा आहे. तिथे एका वेळी एकच गोष्ट बदलता येते. रानात मे महिना दोन्ही एकत्र घेऊन येतो. कोरड्या पेशीत उलगडलेलं प्रथिन आणि तापलेल्या पेशीत उलगडलेलं प्रथिन शेवटी एकाच पद्धतीनं गोळा होतं. संत्र्याच्या बागेत तर माणूसच हे घडवतो. मृग बहार धरायला ऐन उन्हाळ्यात पाणी तोडून झाडाला ताण देतात. मुळांभोवतीची माती तापते आणि सुकते, दोन्ही एकदम, आठवडेच्या आठवडे. त्या मातीतल्या जिवाणूसाठी या दोन गोष्टी कुणी वेगळ्या करून ठेवलेल्या नाहीत.

संशयी : बरं. परत फिरता येणारं उत्तर, हे मी मान्य करतो. पण मग फिरण्याची वेळ येते तेव्हा काय होतं, तेही मोजा. इथे तुमचा रक्षक उलटतो. सिंगर आणि सुझान लिंडक्विस्ट यांनी १९९८ मध्ये यीस्टवर काम केलं. ट्रेहॅलोज उष्णतेत प्रथिनांचा गोळा होऊ देत नाही, हे त्यांना दिसलं. तुमची बाजू. पण उष्णता ओसरल्यावर तीच साखर पेशीत राहिली, तर अर्धवट उलगडलेली प्रथिनं पुन्हा नीट घडी होण्यात अडथळा येतो, हेही त्यांना दिसलं. म्हणून पेशीला ती झटपट मोडावी लागते. आता हे पहिल्या पावसाला लावा. आटलेल्या पेशीत पाक दाटलाय. मृगाची सर आली, बाहेर शुद्ध पाणी. ते पाणी पेशीत घुसणार, पेशी फुगणार, आणि रेणू वेळेत बाहेर टाकले नाहीत तर फुटणार. या क्षणासाठी जिवाणूंच्या पटलात ताणानं उघडणाऱ्या झडपा असतात, त्या आतले छोटे रेणू भसाभस बाहेर सोडतात. १९५८ मध्ये बर्च यांनी पूर्व आफ्रिकेतल्या मातीत मोजलं, की कोरडी माती भिजली की कार्बन डायऑक्साइडचा मोठा लोट उठतो. त्यातला काही वाटा पेशींनी बाहेर टाकलेल्या अशा रेणूंचा आणि फुटून मेलेल्या पेशींचा मानला जातो. म्हणजे मे महिन्यात जो साठा जीव वाचवतो, तोच जूनच्या एका दुपारी जिवावर येतो. तुमच्या रेणूंच्या जमाखर्चात ही बाजू मी कधी मांडलेली पाहिली नाही.

आग्रही : ती मांडायलाच हवी, आणि मांडली की माझं म्हणणं बदलतं, हे मी कबूल करतो. आतापर्यंत मी ‘रेणू आहे का’ असा प्रश्न धरून बोलत होतो. तुम्ही दाखवलंत, की साठवणं हे अर्धंच काम आहे. केव्हा साठवायचा, किती वेगानं, आणि केव्हा किती वेगानं सोडायचा, यावर जगणं ठरतं. साठवायला जनुकं आणि थोडी उसंत लागते, सोडायला झडपा लागतात, उरलेली साखर मोडायला प्रथिनं लागतात. म्हणजे तुमची मोठी यंत्रणा आणि माझा छोटा रेणू यांची कामं वर्षाच्या वेगवेगळ्या वेळी आहेत. ऐन कोरड्या धगीत ऊर्जा नसते, तेव्हा रेणू तगवतो. ओल आली, ऊर्जा आली, की घडी घालणारी प्रथिनं कामाला लागतात आणि रेणूनं वाट सोडायची असते. याचा शेतीशी थेट संबंध आहे. जाणते बागायतदार ताण तोडताना आधी हलकं पाणी देतात, मग भरपूर. ते झाडासाठी देतात, हे मला माहीत आहे. पण मुळाजवळच्या जिवाणूंनाही त्यातून साठा सोडायला उसंत मिळत असणार.

आणि याहून जवळचं उदाहरण म्हणजे कल्चरचं पाकीट. सोयाबीनला पेरणीआधी ब्रॅडिऱ्हायझोबियम या गाठी करणाऱ्या जिवाणूचं कल्चर लावतात. २५० ग्रॅमचं पाकीट दहा किलो बियाण्याला, गुळाच्या थंड केलेल्या पाण्यात कालवून, हलक्या हातानं चोळून, सावलीत सुकवून. हा जिवाणू कारखान्यात ऊबदार, साखरेच्या रसात वाढलेला असतो. त्यानं ना ऊन पाहिलेलं, ना तहान. तो पाकिटात भरतो, पत्र्याच्या छपराखालच्या दुकानात मे-जून काढतो, आणि मग एकदम कोरड्या बियाण्यावर, तापलेल्या तासात जाऊन पडतो. बॅसिलससारखा बीजाणू त्याला करता येत नाही. जॉन स्ट्रीटर यांनी २००३ मध्ये दाखवलं, की याच ब्रॅडिऱ्हायझोबियमला वाढताना ट्रेहॅलोज दिलं तर ते पेशीत साठतं आणि वाळवल्यावर जास्त पेशी जगतात. द्रवरूप कल्चरमध्ये ट्रेहॅलोज घालण्याची शिफारस आपल्या देशातही झालेली आहे. माझं म्हणणं आता एवढंच, की नुसती साखर ओतून भागणार नाही. जिवाणूला पाकिटात भरण्याआधी सावकाश तापवून, सावकाश सुकवून तयार करायला हवं.

संशयी : आणि ती तयारी करताना काही पेशी मरतील. इथे खत नियंत्रण आदेशाचा आकडा आडवा येतो. भुकटीच्या ऱ्हायझोबियम कल्चरमध्ये ग्रॅमला किमान ५ कोटी जिवंत पेशी हव्यात, द्रवात मिलिलिटरला १० कोटी. या पेशी मोजतात त्या प्रयोगशाळेतल्या बशीत, त्यांना मानवेल अशा उबेत. त्या मोजणीत उन्हासाठी तयार झालेली पेशी आणि लाडात वाढलेली पेशी सारखीच दिसते. तुम्ही तयारीपायी निम्म्या पेशी गमावल्या, तर तुमचं पाकीट कागदावर दुबळं ठरेल आणि लाडावलेलं पाकीट सरस. कदाचित ते खरंच सरस असेल. कारण काळ्या मातीची चिकण जर बाहेरून राखण करत असेल, तर जास्त पेशी टाकणं हेच शहाणपणाचं आहे, त्यांच्या पोटात काय आहे याची चिंता न करता. रानातल्या मातीत ट्रेहॅलोज मोजूनही हा वाद मिटणार नाही, कारण तिथलं बरंचसं ट्रेहॅलोज बुरशीचं असतं, आणि कुणाचं किती हे मिसळलेल्या मातीत सांगता येत नाही.

आग्रही : मग मोजणी मातीत नको, गाठींत करू. पांढुर्ण्याच्या आसपास दोन्ही जातीचं रान आहे. नदीकाठचं भारी काळं आणि चढावरचं बरड, मुरमाड, जिथे चिकण कमी. एकाच जिवाणूच्या दोन तुकड्या घ्यायच्या, एक सावकाश तयार केलेली, एक तशीच. दोन्हींतल्या जिवंत पेशी मोजून सारख्या करायच्या, म्हणजे आकड्याचा वाद मिटला. बियाण्याला लावून दोन्ही रानांत कोरड्यात पेरायचं, पाऊस येईपर्यंत ऊन खाऊ द्यायचं. मग महिना-दीड महिन्यानं झाडं मुळासकट उपटून गाठी मोजायच्या, आणि गाठीतला जिवाणू आपण लावलेलाच आहे की रानातला, हे तपासायचं. तुमच्या म्हणण्याप्रमाणे फरक फक्त बरडात दिसायला हवा, कारण काळ्यात चिकण दोन्ही तुकड्यांना सारखंच सांभाळेल. माझ्या म्हणण्याप्रमाणे काळ्यातही दिसेल. काळं रान पहिल्या पावसात जास्त वेळ भिजून राहतं, तिथे साठा वेळेत सोडता येणं मोलाचं ठरेल, आणि ज्या तुकडीला साठवण्या-सोडण्याचा सराव आहे ती पुढे जाईल.

संशयी : सरावाचं तुमचं गृहीतक मला कच्चं वाटतं. साठवायला शिकवलेली तुकडी सोडायलाही शिकली असेल, याला काय आधार? उलट जास्त साठा घेतलेली पेशीच पहिल्या सरीत आधी फुटेल, आणि तुमची तुकडी काळ्यात मागे पडेल, हीही शक्यता मांडून ठेवा. माझा अंदाज लिहून घ्या : बरडात तुमची तुकडी जिंकेल, काळ्यात फरक दिसणार नाही. काळ्यात तुमच्या बाजूनं फरक दिसला, तर चिकणमातीचं माझं स्पष्टीकरण मला सोडावं लागेल. दिसला नाही, तर या तयारीचा खर्च निदान काळ्या रानाच्या कास्तकाराच्या माथी मारू नये, हे तुम्हाला मान्य करावं लागेल. आणि फरक उलटा दिसला, तर आपण दोघांनीही आज जे धरून ठेवलंय, त्यातलं काय टाकायचं हे नव्यानं ठरवावं लागेल.